दावा क्रमांक चार

पेटंटची भाषा तुम्ही वाचली नसेल. वाचू नका.
तीत वाक्य संपतच नाही.
एक संयुग, सूत्र एकप्रमाणे, ज्यात आर-वन म्हणजे
हायड्रोजन, किंवा मिथाइल, किंवा तीन कर्बांपर्यंतची कोणतीही साखळी…
या ‘किंवा’त माझी सहा वर्षं गेली.

सातपूर एमआयडीसी. पुढे लेथवाल्यांची खडखड,
मागे कुणाचा तरी द्राक्षाचा शेवटचा मांडव,
मधे आमची लॅब : दोन फ्यूम हुड, त्यातलं एक खोकणारं.
दोनशे चौदा संयुगं केली मी तिथे.
नावं नव्हती, नुसते नंबर, हजेरीपटासारखे.
एकशे दोन : उंदरांना झोप लागली, आकडी थांबली नाही.
एकशे साठ : आकडी थांबली. यकृतही.
एकशे एकोणनव्वद : फार देखणं, कशाच्याच उपयोगाचं नाही.
त्याची चिमूटभर भुकटी अजून आहे माझ्याकडे.

दोनशे सहावं चाललं.
पण तळाशी काकवीसारखं बसून राहायचं, पिवळं, चिकट,
स्फटिक व्हायचं नावच घेईना.
ईथर घातलं, काचकांडीनं फ्लास्क आतून खरवडला,
एक गुरुवार उपासही केला. तो वहीत नोंदलेला नाही.

जानेवारी दोन हजार पाच. भारनियमन. चिलर बंद.
काचसामान धुणारा यादव गांगुर्डे
फ्लास्क उत्तरेच्या खिडकीत ठेवून
मखमलाबादला सायकलवर निघून गेला.
‘बाहेर फ्रिजपेक्षा गार आहे मॅडम,’ एवढंच म्हणाला होता जाताना.
सकाळी थर्मामीटरवर पाच,
आणि फ्लास्कमध्ये
‘खडीसाखर उतरली की हो,’ गांगुर्डे म्हणाला.
मी डॉक्टरेट. मला त्याहून नेमका शब्द
दुपारपर्यंत सापडला नाही.

दावा क्रमांक चार : दावा एकमधील संयुग, स्फटिकरूपात,
चार ते सहा अंशांस किमान नऊ तास थंड करून मिळवलेले.
मुंबईच्या वकिलांनी विचारलं, हे अंश आणले कुठून?
प्रयोगातून, म्हणाले मी.
नाशिकातून, म्हणायला हवं होतं.
‘शोधक’ या रकान्यात तीन नावं :
माझं (एक अक्षर चुकलेलं), संचालकांचं,
संचालकांच्या मेव्हण्याचं.
कल्पना करतो तो शोधक, वकील म्हणाले,
फ्लास्क ठेवतो तो नुसता हात.
मी सही केली.
मेव्हण्याची कल्पना कोणती, हे नाही विचारलं.

पुढे आणखी दहा पेटंटं. सात फी न भरल्यानं मेली.
दोन कुणी वापरलीच नाहीत.
प्रमाणपत्रं गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये, पॅसेजात,
विजेच्या मीटरशेजारी.

गेल्या ऑगस्टात पहिल्याला वीस वर्षं भरली.
म्हणजे आता कुणीही करावं. कुणाचाही फोन आला नाही.
रविवार कारंजावर औषधांच्या दुकानात पट्टी मागितली.
शहाण्णवची अठराला.
‘कंपनी वेगळी आहे आजी, माल तोच,’ पोरगा म्हणाला.
आत्तापर्यंत मला कुणी आजी म्हटलं नव्हतं.

पट्टी घेऊन मखमलाबादला गेले.
गांगुर्डे अंगणात लसूण सोलत होता.
सगळं सांगितलं : दावा चार, पाच अंश, खडीसाखर.
त्याला खडीसाखर आठवेना.
‘फ्लास्क उघडा ठेवला म्हणून
अर्ध्या दिवसाचा पगार कापला होता, ते आठवतं.’
कुणी?
‘तुम्हीच की.’

उघडा. म्हणजे रात्रभर धूळ पडली असणार आत,
लेथची, मांडवाची, कशाची तरी,
त्या कणाभोवती पहिला स्फटिक धरला असणार.
दावा चारमध्ये धूळ नाही.
वीस वर्षं तिथे धूळ नाही.

मी हे बोलले नाही. पट्टी पर्समध्येच राहिली.
त्यानं हात झटकले, आत वळून हाक दिली :
‘मॅडमना बिनसाखरेचा टाका.’